नरनाळ्याला निघालो आणि अकोल्याच्या इंजेक्शनांच्या रांगेत पोचलो

नरनाळा किल्ला पाहायचा, हे शबाना आणि मी तीन वर्षं ठरवत होतो. ती आमच्या शाळेत गणित शिकवते, मी विज्ञान. गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी अमरावतीहून माझ्या स्कूटरवर निघालोच. तुम्ही जाणार असाल तर दर्यापूरला पेट्रोल भरून घ्या आणि पुढे अकोटकडे खड्डे सांभाळा.

दर्यापूर मागे पडल्यावर एका फाट्यावर दिनकरभाऊंच्या टपरीवर आलूबोंडे खायला बसलो. बोंडे झकास होते. दुसरा घास घेतेय तोच बाकड्याखालून एक कुत्रं न भुंकता निघालं आणि शबानाच्या मनगटाला चावलं. मी ओढायला गेले, तर माझ्या पोटरीला. दोघींना रक्त आलं.

दिनकरभाऊ चुना घेऊन धावले. "हे लावा बाई. मले बी यानंच कालच चावलं. मी बी चुनाच लावला."

"काही लावायचं नाही! साबण आणा," मी ओरडले.

नळाखाली पंधरा मिनिटं घड्याळ लावून जखमा धुतल्या. दिनकरभाऊंनाही पाय धुवायला लावला.

मग दिनकरभाऊ आम्हाला गावातल्या खाजगी दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "गावातलंच कुत्रं आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन देतो. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, मेलं तर लस घेऊ."

दिनकरभाऊ म्हणाले, त्यांनाही काल हेच सांगितलं होतं! माझं डोकंच फिरलं. "नजर ठेवायची ती लस सुरू करून! रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस हाती लागत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. सातवीला विज्ञान शिकवते."

बाहेर आल्यावर दिनकरभाऊ कुजबुजले, "ताई, पोटात चवदा सुया घ्या लागतीन न? अन् दुकान कोन पाहीन?"

शबानाचा रुमाल रक्तानं भिजला होता. ती म्हणाली, "भाऊ, दुकान बंद करा अन् गाडी काढा. अकोल्याला चला हमारे साथ."

ते आले.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टरनं पहिला प्रश्न विचारला, "आधी कोनी लस घेतली आहे का?" मी घेतली होती. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या कामात मदत करते, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिन्ही डोस झाले होते.

"मंग तुमच्या अंगाले ओळख आहे. आज एक, तीन दिवसांनी एक. सीरम नाई लागत." मग त्या या दोघांकडे वळल्या. "तुमाले लस दंडात, चार खेपा. पोटात नाई. पन लसीची ताकद यायले आठ-दहा दिवस लागते. तवरोक विषानूशी लढाले तयार सीरम जखमेतच भरा लागते."

सीरम भरताना शबानानं माझी बोटं पिरगाळली. कुत्रं एकच, वेळ एकच. पण माझी सुटका दोन टोचण्यांत आणि तिला हा मार, कारण मला कुणीतरी आधीच लस घ्यायला सांगितलं होतं. तिला आणि दिनकरभाऊंना कोणी सांगितलं? उलट ज्यानं सांगायचं, त्यानंच घरी पाठवलं. इथे सगळं फुकट मिळत असताना!

संध्याकाळी किल्ला न पाहताच अमरावतीला परतलो. चौथ्या दिवशी दिनकरभाऊंचा फोन आला.

"ताई, कुत्रं मेलं."

मी आमच्या डोसांच्या तारखा मोजल्या.

"गावात आनखी पाच जनाले चावलं होतं. त्याइलेबी डाक्टरनं दहा दिवस थांबाले सांगतलं होतं."

"मग ते आता कुठे आहेत?"

"माह्यासंगच. जीप केली न ताई. अकोल्याले लाइनीत उभे राहून बोलून राहिलो."

आज शबाना, दिनकरभाऊ आणि ते पाचही जण धडधाकट आहेत, सगळ्यांचे डोस पूर्ण झाले. शबानाच्या मनगटावर दोन पांढुरके व्रण राहिलेत. माझ्यात राग राहिला आहे. त्या डॉक्टरांविरुद्ध जिल्हा आरोग्य कार्यालयात लेखी तक्रार दिली, तिला उत्तर नाही. दर सोमवारी मी विचारायला जाते. तिथल्या कारकुनानं परवा विचारलं, "मॅडम, तुम्हाले तर काही झालं नाही, मंग काहून येता?"

त्याच्यासमोरची खुर्ची ओढून मी बसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.