टेंभुर्णीच्या कोठीत वीस माणसांचं लग्न

हॉस्टेलवर चार वर्षं माझ्यासोबत एका खोलीत राहिलेल्या वैशालीनं फोनवर एवढंच सांगितलं: लग्न आजोळच्या कोठीत करायचंय, वरच्या दिवाणखान्यात, दोन दिवस आधी ये आणि माळा तपास. मी पुण्यात पुलांची डिझाइनं करते. टेप, छोटी हातोडी आणि एक साडी घेऊन निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर आधी जालना गाठा. तिथून जाफराबादची एसटी धरून टेंभुर्णीला उतरा. एसटी चुकली तर जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. माझी चुकली. पुढचा रस्ता वेचून झालेल्या कपाशीच्या शेतांमधून, कोणाच्या तरी पिशवीतली मेथी मांडीवर घेऊन झाला.

कोठी निजामाच्या काळातली, एका जहागीरदारानं बांधलेली. खाली दगडी भिंती, वर सागवानी दिवाणखाना, त्याला अंगणावर आलेला सज्जा. वैशालीच्या आईचं लग्न याच दिवाणखान्यात लागलं होतं. आई आता नाही. म्हणून वैशालीला तीच जागा हवी होती.

गावचे सुतार रहीमचाचा आणि मी अकराच्या अकरा तुळया ठोकून पाहिल्या. दोन पोकळ वाजल्या. वाळवी. मी सांगितलं, खालून टेकू लावा आणि वर वीसच माणसं चढवा.

वैशालीचे मामा हसले. "पोरी, चारशे पान उठणार हाय. पुलाचं गणित घरात नको आणू."

"मालक, पोरगी बराबर बोलून राह्यली," चाचा म्हणाले. "या दोघींत लाकूड कमी अन् वाळवीच जास्ती."

जेवताना मामांनी मला वरणाची दुसरी पळी न विचारता वाढली. मग कागद पुढं केला. "मंग वीस नावं तूच लिही. शिव्या बी तुलाच बसू दे."

नवरा, नवरी, भटजी, दोन्हीकडचे मामा, वडील... पाच काकवा आणि एक आत्या गाळावी लागली. वैशालीनं यादी दोनदा वाचली.

"तुझं नाव न्हाई."

"वीस झाले," मी म्हणाले.

तिनं कागदाची घडी केली.

मुहूर्ताला सज्जाची दारं उघडी ठेवली. मंगलाष्टकं भोंग्यावरून खाली येत होती आणि आम्ही अंगणातून वर अक्षता फेकत होतो. त्या सज्जापर्यंत पोचेनात. आमच्याच डोक्यांवर परत पडत. आधी हशा झाला, मग गाळलेल्या काकवांनी पदर खोचून आणखी जोरात फेकायला सुरुवात केली. मला वरचे फक्त हार धरलेले हात दिसले. थोड्या वेळानं वैशाली सज्जात आली आणि खाली गर्दीत कोणाला तरी शोधू लागली.

"जा ना वर, बेटी," चाचा म्हणाले. "एका माणसानं काय व्हतंय?"

आकडा म्हणजे आकडा, असं काहीतरी मी बोलले.

पाहुणचार उत्तम, बुंदी ताजी, कोठी बघण्यासारखी. मामांना आधी कळवून गेलात तर ते स्वतः हिंडवतात.

सोमवारी साइटवर टेप उघडला तेव्हा कव्हरातून हळद लागलेले तांदूळ सांडले. वीस हा आकडा काढताना मी बराच भार राखीव ठेवला होता; आमच्या कामात तो ठेवतातच. एकविसावं माणूस त्या माळ्यानं सहज पेललं असतं. यादी लिहितानाही मला हे माहीत होतं.