कुंकू लावलेला प्लग

इंजिनाच्या प्लगची फट किती ठेवायची हे मला कुणी शिकवलं नाही. करवतीच्या तुटक्या पात्याचा तुकडा फटीतून ओढायचा. जरा घासून निघाला की झालं. सैल निघाला तर प्लगचा वाकडा दात हलक्या हातानं ठोकायचा. शाळा तिसरीत सोडली, पण हे गणित माझं आजवर चुकलेलं नाही.

साठ-बासष्टचा सुमार असेल. पावसाळा सरला की रब्बीपर्यंत विहिरीवरच्या रॉकेल इंजिनाला काम नसे. मी ते उचलून बुटक्या चौकटीवर बसवलं. चाकं भंगारातल्या स्कूटरची, पट्टा पंपाचा. बसलं की बूड जमिनीपासून वीतभर वर. वडील, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "हाई काय, रांगनारी गाडी?"

"तुमना बैलसले मांगे टाकसू," मी म्हणालो.

"दसराले देखू. बैल जितनात ते इंजिन परत विहीरवर, आनि चौकट चुल्हामा."

दसऱ्याच्या सकाळी लोणखेड्याकडच्या गाडवाटेवर निम्मं गाव जमलं. आबा बैलगाडीत ऐटीत बसलेले. मी दोरी ओढली. इंजिन गप्प. प्लग काढला, घाईत नुसतं टोक पुसलं, पातं ओढून फट बघितली. बरोबर. परत लावला, परत गप्प.

"काय भाऊ," आबा वरून म्हणाले, "मन्हा बैलसले दोरी वढनी पडत नही!"

लोक हसले. मी घोंगडी मागवली, डोक्यावरून इंजिनावर घेतली, प्लग लोखंडाला टेकवून धरला आणि एका गड्याला दोरी ओढायला सांगितली. अंधारात निळी ठिणगी दिसली, पण फटीत नाही! प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या मानेवरून सरपटत होती. तिथं ओल्या कुंकवाचा जाड पट्टा. मायनं सकाळी नांगर, विळा, इंजिन सगळं पुजलं होतं. इंजिनाचं कपाळ कुठलं? तिला जे सगळ्यात पांढरं दिसलं ते.

मी फडकं उचललं. मायनं मनगट धरलं.

"सनना दिन कुंकू पुसस? तुन्हा बाप जित्ता शे!"

मी फडकं खाली ठेवलं. डब्यात एक जुना प्लग होता, फट पडक्या दातासारखी. पान्यानं ठोकला, पातं ओढलं. घासून निघालं. कुंकवाचा प्लग मायनं ताटात नारळाशेजारी ठेवला.

एकाच दोरीत धडाम् झालं, मग फटफट सुरू. बैलांचे कान उभे, शेपट्या उभ्या. कुणीतरी रुमाल टाकला, मी पट्टा ताणला, चाकं फिरली. पल्ला होता वाटेच्या टोकाच्या बाभळीपर्यंत. मी जितका जवळ येई, तितके बैल जास्त उधळत. माझ्या तोंडात धूळ. पुढं आबा कासरे खेचत ओरडत होते, पण पळवायला नव्हे, थांबवायला! बैल बाभळीपुढून गेले ते थेट केळीत शिरले. आबांची टोपी बाभळीलाच राहिली.

टोपी काढून दिली तर म्हणतात, "जितनात मन्हा बैल."

"पयाडनात कोन?" पळवले कोणी, हे मला त्यांच्याच तोंडून हवं होतं.

"तू. आते पानी काढ."

दुसऱ्या दिवशी इंजिन विहिरीवर गेलं, चौकट चुलीत. दिला शब्द मी मोडला नाही. पण वाद आबा गेले तोवर चालू होता, आणि माझ्याकडून अजून आहे. बैल जिंकले, कबूल. पळवले माझ्या इंजिनानं, तेही न पुजलेल्या प्लगवर.