आतल्या दाराचा पास

रडारचे सर्किट बोर्ड जोडणाऱ्या आम्ही पंचवीस बायका. त्यात हात सगळ्यात साफ थोरलीचा. थोरली म्हणजे एकाच घरातल्या दोन जावांपैकी मोठी. धाकटीला नोकरीला लावलं तिनंच, सोल्डरिंग शिकवलं तेही तिनंच. पुढे साहेब धाकटीचं कौतुक करू लागले आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

धाकटीच्या माहेरून सोफा आला, तर पंधरा दिवसांत थोरलीनं हप्त्यावर त्याहून मोठा घेतला. तो आत जाईना म्हणून दाराची चौकट काढावी लागली. मग वॉशिंग मशीन. हप्ते थकले, पत्रं येऊ लागली. ती न उघडताच कपाटातल्या कागदाखाली सारायची.

अशातच आतल्या विभागात दोन जागा निघाल्या. लष्कराचं काम, पगार दीडपट, पण सुरक्षा मंजुरी हवी. दोघींनी फॉर्म भरले. ‘थकलेलं कर्ज आहे का?’ या प्रश्नापुढे थोरलीनं ‘नाही’ लिहिलं.

चौकशीला अधिकारी घरी आले. त्यांनी धाकटीबद्दल विचारलं. थोरलीनं आधी तोंडभरून कौतुक केलं, मग आवाज खाली आणला.

“पण साहेब, तिनं नवऱ्याच्या पाठीच्या ऑपरेशनला कर्ज काढलंय. सहा हप्ते थकले होते. अशा बाईला उद्या कुणी पैसे चारले तर?”

“हाच विचार आम्हालाही करावा लागतो,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “आणि तुमच्यावर काही?”

“माझ्यावर? छे हो!”

महिन्याभरानं धाकटीला पास मिळाला. थोरलीला नकार. ती तणतणत सुरक्षा कार्यालयात गेली. “तिचं कर्ज माझ्या चौपट आहे!”

“त्यांचं मी काही सांगणार नाही,” अधिकारी म्हणाले. “तुमचं सांगतो. कर्ज आहे एवढ्यानं कुणी बाद होत नाही. ते का झालं, फेडायला काय केलं, हे आम्ही बघतो. तुम्ही काहीच केलं नाहीत, वर विचारल्यावर दोनदा नाही म्हणालात. जी गोष्ट तुम्ही लपवता, ती ज्याला कळेल तो तुम्हाला नाचवेल. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करा.”

त्या दिवशी ती घरी जाऊन जेवली नाही. धाकटीच ताट घेऊन आली. “ताई, मी सगळं लिहिलं होतं. बँकेत जाऊन हप्ता कमी करून घेतला, त्याचा कागदही जोडला. तुमचंही करू या?”

ही माझ्याआधी तिथेही पोचली, हाच विचार थोरलीच्या मनात आला. पण तिनं पत्रं काढून दिली. धाकटीनं एकेक उघडलं, तारखा लावल्या, दुकानदाराला अर्ज लिहिला. तिचं अक्षर सुबक, तेसुद्धा थोरलीला खुपलं. आपण चौकशीत काय सांगितलं होतं, हे मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. मला सांगितलं, तेही फार उशिरा.

दोन वर्षांत सगळे हप्ते फिटले. दुसऱ्या फॉर्मवर तिनं जुनी थकबाकी तारखांसकट लिहिली आणि मंजुरी मिळाली.

आत गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं, तिच्या टेबलाची सुपरवायझर धाकटी.

“झालं!” दुपारच्या सुट्टीत ती माझ्यापाशी पुटपुटली. “आता रजाही हिच्याकडेच मागायची.”