तेविसावा कप्पा

१६ जून, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. घाटाखालच्या आमच्या छोट्या दूरसंचार केंद्रातले तंत्रज्ञ पुंडलिक वानखडे गेल्याचे मला बुलढाण्याच्या कार्यालयात कळले. यंत्रांच्या खोलीत, कामावर असतानाच... डॉक्टरांच्या अंदाजाने बाराच्या सुमारास, हृदयविकाराने.

मल्टिप्लेक्सर, म्हणजे एकाच वाहिनीतून अनेक बोलणी नेणारे यंत्र, मला वानखडेकाकांनी शिकवले. एका वाहिनीत बत्तीस टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचे बत्तीस कप्पे. कोणत्या कप्प्यातले बोलणे पलीकडे कुठे उतरवायचे, हे ठरवणारी जोडणी म्हणजे क्रॉस-कनेक्शन. ती पुसली की कप्पा मुका. संगणकावर मी मिनिटाला पाच जोडण्या करीत असे. काका मात्र एखादी पुसण्याआधी टेस्ट फोन कानाला लावून मिनिटभर नुसते ऐकत.

"काऊन वो मॅडम, शेगावची गाडी धरा लागते का तुम्हाले?"

"काका, स्क्रीनवर तीन महिने वापर शून्य दिसतोय."

"स्क्रीनले कान असतात का, पोरी?"

त्यांच्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. तिथला जुना फोन नुसता उचलला की तेविसाव्या कप्प्यातून थेट माझ्या टेबलावर घंटी वाजे. म्हणजे वाजू शकत असे. एरवी काका अंगणात येऊन मोबाइलवरच बोलत, त्यामुळे माझ्या टेबलावरचा तो फोन कोणत्या कप्प्यातून येतो, हे मी कधी विचारलेच नाही. त्याची नोंद काकांच्या वहीत होती, संगणकातल्या यादीत नव्हती. पडून राहिलेले कप्पे मोकळे करण्याची योजना माझी. वरिष्ठांच्या नजरेत भरण्याची घाईही माझीच. १६ जूनच्याच सकाळी दहा चाळीसला मी सात जोडण्या पुसल्या. चौथी तेविसाव्या कप्प्याची होती. मी ऐकून पाहिले नाही. काकांना कळवलेही नाही.

केंद्राच्या चौकीदाराने खोलीचे दार उघडले, तेव्हा रिसीव्हर वायरीला लोंबत होता. काकांनी फोन केला होता, की पडताना हात लागला? जोडणी नसलेल्या कप्प्यात उचललेल्या फोनची यंत्र नोंद ठेवत नाही. 'निष्कर्षासाठी माहिती अपुरी', हे वाक्य मी किती अहवालांत सहज लिहिले आहे...

दोन आठवड्यांनी जोडणी पूर्ववत केली आणि त्यांच्या घरी गेले. काकू तूरडाळ निवडत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांचा हात थांबला.

"तू बंद केलं, हे त्याईले माहीत होतं का?"

"नाही, काकू."

"मंग... तू उचलशीन म्हणून वाट पाह्यली असन त्याईनं."

आवाजात राग नव्हता.

तिथून मी केंद्रावर गेले. खुर्चीपासून फोनपर्यंत चार पावले. रिसीव्हर उचलतानाच मोबाइलमधले स्टॉपवॉच सुरू केले. घाटावर बुलढाण्यात, माझ्या रिकाम्या टेबलापाशी घंटी वाजू लागल्याचा सूर कानात आला. बराच वेळ ऐकत राहिले. मग काकांच्या वहीत, त्यांच्या अक्षराखाली लिहिले : कप्पा तेवीस, उचलल्यापासून घंटी वाजेपर्यंत, १.८ सेकंद.