आमच्या खेळाच्या बाई

बोलण्याआधी त्या दोनदा टाळी वाजवायच्या. मैदानावर वाजवायच्याच, पण शिक्षकांच्या खोलीत, भाजीवाल्यापुढे, एकदा तर बारशातसुद्धा. मग ठरलेलं वाक्य, "हं, आधी श्वास घ्या!" डोंबिवलीत मी शिकवायचे त्याच शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि कोपरला माझ्या शेजारच्याच दारात राहायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या आवाजानं अख्खा मजला जागा होतो.

मग त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला. कितीतरी वर्षं बाईंनी त्याला उठवलं, भरवलं, हसवलं. तो गेला तेव्हाही त्या खंबीर दिसल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि बाई ज्या अंथरुणाला खिळल्या, त्या उठेनातच. डॉक्टर म्हणाले, मनाचा आजार आहे, वेळ लागेल. मी डबा घेऊन जायचे, तो तसाच परत यायचा. कोकणातून येऊन त्यांच्याकडेच राहिलेल्या म्हाताऱ्या सासूबाई देव्हाऱ्यापुढे बसून म्हणायच्या, "लेक गेला, आता सूनही चालली माझी."

नवऱ्याच्या शुश्रूषेला जवळच्या दिवा गावाहून एक ख्रिस्ती नर्स यायची. काम संपलं, तरी ती येत राहिली. बाईंचे केस विंचरायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची.

एकदा माझ्यादेखत बाईंनी विचारलं, "काय गं पुटपुटतेस?"

"प्रार्थना करते, ताई. तुमच्यासाठी."

"सांग तुझ्या येशूला, मी दमले म्हणावं."

"मी कशाला? तुम्हीच सांगा ना. ऐकतो तो."

पुढचं बाईंनीच मला सांगितलं. "ती गेल्यावर बोलले गं त्याच्याशी. बोलले कसली, भांडले! सगळं बाहेर काढलं, पोटभर रडले. आणि कुणीतरी शेजारी येऊन बसलंय असं वाटलं. त्याला जायची घाई नव्हती. मग काय झालं माहितीये? कडकडून भूक लागली!"

सासूबाईंनी पिठलं-भात केला. बाईंनी तो परत मागून घेतला, तेव्हा म्हातारी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

पुरतं बरं व्हायला बराच काळ गेला. गोळ्या चालूच होत्या. "डॉक्टरही त्यानंच धाडलाय," बाई म्हणायच्या. रविवारी नर्सबरोबर कल्याणच्या चर्चमध्ये उपासनेला जायच्या. बायबल वाचता वाचता मध्येच माझी कडी वाजवायच्या, "अगं, हे ऐक!" माझी पोळी करपायची, पण त्यांचा चेहरा बघून रागावता यायचं नाही. शाळेत परतल्या, त्या दिवशी पोरांनी मैदानात नुसता दंगा केला.

मग त्यांनी बाप्तिस्मा घ्यायचं, रीतसर ख्रिस्ती व्हायचं ठरवलं आणि घरात धुसफूस सुरू झाली.

"मला सोडून चाललीस म्हण की," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुठं सोडतेय, आई? तुमच्या देव्हाऱ्यातलं काही हलणार नाही. पण मला ज्यानं उठवलं, त्याचं नाव लपवू कशी?"

नंतर कितीतरी दिवस सासूबाईंची पूजेची घंटा मुद्दाम जोरात वाजत होती.

बाप्तिस्मा टिटवाळ्याला नदीवर होता. मी पोचले, तर काठावर सगळ्यांच्या पुढे सासूबाई! ठेवणीतलं लुगडं, खांद्यावर टॉवेल, थर्मासमध्ये सुंठेचा काढा. मी बघतच राहिले, तर मला म्हणाल्या, "बघतेस काय? माझी सून उठली ती बरी उठली. त्याचे आभार मानायला नको?"

चर्चच्या पाळकांनी बाईंना पाण्यात धरलं, प्रार्थना म्हटली आणि पाण्याखाली नेलं, तोच काठावरून आवाज आला, "अहो, लवकर वर काढा हो तिला! लगेच सर्दी होते!"

पाळकांसकट सगळे हसले. बाई पाण्याबाहेर आल्या त्याही हसतच.

आता बाई आणि सासूबाई दोघी टिटवाळ्यालाच राहतात. माझ्या शेजारी नवं कुटुंब आलंय, फार शांत माणसं आहेत. बाईंची आठवण आली की मला तो काठ दिसतो. बाई ओल्याचिंब, गवतावर बसलेल्या, आणि म्हातारी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं खसाखसा पुसतेय. "हसतेस काय? सरक इकडे. कान ओले आहेत अजून."