मेईचे बाबा बाग बघायला आले

चार माणसं दिवसभर एका जागी उभी राहिली, की पायांना गोळे येतात आणि किश्शांना तोटा राहत नाही. दोह्यात वेस्ट बेमधल्या आमच्या आर्ट गॅलरीत माझं काम एवढंच, की चित्रांना कुणी हात लावू नये हे बघायचं. दहावी शिकलेल्या मला चित्रांतलं काय कळणार? पण यंदा जुन्या युरोपियन चित्रकारांनी काढलेल्या चिनी बागा भिंतींवर लागल्या आणि मी थक्क झाले. यातले बरेच जण चीनला कधी गेलेच नव्हते म्हणे! कपबशांवरची नक्षी बघून आणि खलाशांच्या गप्पा ऐकून काढलेल्या बागा. न बघता एवढं पान न् पान?

माझ्याबरोबर ड्यूटीला मेई असते. ती चीनची. तिचे बाबा तिकडे एका जुन्या बागेत जन्मभर माळी होते. ते महिन्याभरात दोह्याला येणार होते आणि मेईचा जीव खालीवर होत होता. तिनं फोनवर मोठ्या तोंडानं सांगून टाकलं होतं, "बाबा, मी इथं आपल्या बागा सांभाळते!"

आता रोज मला विचारायची, "खोट्या बागा बघून त्यांना वाईट वाटलं तर?"

"यल्ला मेई, आधी येऊ तर देत!"

*

एका चित्रात सगळ्या बायका छत्र्या घेऊन पुलावर उभ्या आहेत. एक पाहुण्या मॅडम त्यापुढे थांबल्या. चित्राकडे बघितलं, मेईकडे बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं, "तुझं घर असंच आहे का गं?"

मेई म्हणाली, "नाही मॅडम. मी अल हिलालला राहते. थर्ड फ्लोअर, लिफ्ट बंद!"

*

आमच्याकडे चित्रं टांगायला उस्मानभाई आहेत, रत्नागिरीचे सुतार. एकदा शिडीवरूनच ओरडले, "ताई, हिकडं या! गोऱ्यानं लोंगर उलटा लावलान!"

चित्रातल्या बागेत केळीला लोंगर, म्हणजे घड, लागलेला आणि त्यातली केळी झुंबरासारखी खाली लोंबत होती. खऱ्या लोंगरात ती वर वळलेली असतात. मी आयुष्यभर केळी खाल्ली, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं!

गॅलरीचे साहेब धावत आले, फोटो काढला. म्हणाले, "इतके तज्ज्ञ येऊन गेले, कुणीच कसं बोललं नाही?"

उस्मानभाई लाजत म्हणाले, "सर, त्यांनी केळी प्लेटमध्येच बघितली असतील!"

*

आम्ही पोट धरून हसलो. मग माझी पाळी आली.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी रांगोळीतून कतार काढलं. वाळवंट, खजूर आणि मधोमध झोकात उभा उंट. कार्यक्रमाच्या हॉलचे म्हातारे कतारी मालक वाकून बराच वेळ बघत राहिले.

"फार सुंदर, सिस्टर. पण आमच्या उंटाला एकच कुबड असतं. हा दोनवाला चीनचा!"

बारा वर्षं राहते मी इथं! नवरा मेसईदला कामाला, त्या रस्त्यानं जाता-येता कितीदा उंट बघितलेत. मेईला सांगितलं, तर ती हसून हसून खालीच बसली.

"म्हणजे तूसुद्धा न बघताच काढलंस!"

त्या दिवसापासून मी त्या चित्रकारांना हसणं सोडलं.

*

शेवटी मेईचे बाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी हातात. मेईनं माझा हात घट्ट धरला होता.

छत्र्यांपाशी ते थोडे हसले. केळीपाशी मान तिरकी करून बघितलं. शेवटच्या मोठ्या चित्रापुढे मात्र थांबले ते थांबलेच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. इतके पुढे वाकले, की मी टोकायला हवं होतं. उलट मी एक पाऊल मागे सरले.

कोपऱ्यात एक म्हातारं झाड कललेलं आहे. त्याला खालून बांबूचा टेकू दिलाय, दोरीनं बांधून. महिनाभर मी त्याला नुसती काठी समजत होते.

बाबा हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मेईचे डोळे भरून आले.

"काय गं, काय म्हणाले?"

"म्हणतात, टेकूची दोरी सैल झालीय. पावसाच्या आधी आवळून घ्या."

मागे उस्मानभाई उभे होते, कानावर पेन्सिल. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"बाबांना सांग, इन्शाल्ला. उद्याच आवळतो."