शेवळांच्या हंगामातला बंदोबस्त

निवृत्त माणूस एक तर देवळाच्या ट्रस्टवर जातो, नाहीतर शांतता समितीवर. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात माझी नोकरी झाली. देवाशी फारसं जमलं नाही, म्हणून बदलापुरात माझ्या वाट्याला शांतता आली. काम सोपं असतं. सणाच्या आधी साहेबांच्या दालनात बसायचं, बिस्किटं खायची आणि गावात शांतता आहे असं सांगून घरी यायचं.

त्या वर्षी मे संपताना, कुठलाही सण नसताना बैठक लागली. वांगणीच्या बाजूला डोंगराखाली ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. वरच्या टेकाडावर मोबाइलचा टॉवर, आणि त्याला जाणारी केबल वाडीला लागून खांबांवरून जाते. ती दोनदा तुटली होती. ती तुटली की खालच्या नव्या वसाहतीतले फोन मुके होत आणि दुकानदारांना मोबाइलवरून पैसे घेता येत नसत. व्यापारी मंडळ खवळलं होतं.

साहेब नवीन होते. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. कुठल्याही खात्याचे चालतील. आधी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. काम व्हायच्या आधी सत्कार उरकण्यात शहाणपण आहे, नंतर निमित्त उरेलच असं नाही. शाल घालणारे गृहस्थ त्याच टेकाडाच्या उतारावर प्लॉट पाडून विकत होते.

"केबल वाडीजवळ तुटते, म्हणजे वाडीला माहीत आहे," साहेब म्हणाले. "सामूहिक जबाबदारी. माणूस आणून द्या म्हणावं. तोवर त्या वाडीचं कोणी बाजारात बसणार नाही."

टाळ्या पडल्या. मला एक निरुपद्रवी व्यसन आहे, इंग्रज अधिकाऱ्यांचे जुने अहवाल वाचण्याचं. ईशान्येच्या डोंगरांत कोणीतरी तारायंत्राची तार तोडायचं. मग तारेच्या आणि व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी एक साहेब बंदुका घेऊन यायचा आणि सबंध डोंगराला खालचा बाजार बंद करायचा. मीठ संपलं की डोंगर एक माणूस घेऊन खाली उतरायचा. तो तोच होता का, हे अहवालात कोणी विचारत नाही. आमच्या साहेबांनी यातलं अक्षरही वाचलेलं नव्हतं. ही विद्या बहुधा खुर्चीतूनच वर चढत असावी.

मी म्हटलं, "साहेब, ही केबल काचेच्या धाग्याची असते. आत तांबं नाही. उल्हासनगरचा भंगारवाला ती दारात उभी करणार नाही. चोरणार कोण आणि कशाला? तिथे प्लॉटिंगचा जेसीबी फिरतो, त्याने खांब वाकवलेत. मी बघून आलोय."

"काकांचं वाचन दांडगं आहे," शालवाले म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ, आता गप्प बसा. सगळे हसले. साहेबांनी माझा मुद्दा नोंदवून घेतला. नोंदवलेल्या मुद्द्यांचं पुढे काय होतं ते मला खरेदी विभागात असल्यापासून ठाऊक होतं.

शेवळं काय असतात हे ठाणे जिल्ह्याबाहेरच्या माणसाला पटवणं अवघड आहे. पावसाच्या तोंडावर रानात जमिनीतून कोंब वर येतात. ते घशाला खाजतात, म्हणून काकडं या रानफळांचा आंबट रस घातल्याशिवाय खाता येत नाहीत. मिळतात जेमतेम पंधरवडा, आणि तेवढ्यात आमच्यासारखी घरं मटण सोडून त्यांच्यामागे लागतात. वाडीतल्या बायकांची पावसाळ्याची बेगमी याच दिवसांत होते. साहेबांना हे माहीत नसावं, पण त्यांचा नेम अचूक बसला होता.

त्या वाडीतली एक बाई वर्षानुवर्षं स्टेशनबाहेर फुटपाथवर बसायची. मी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. बंदीच्या तिसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आली. वॉचमन आत सोडेना, म्हणून मी खाली उतरलो.

"शेट, आमाला बसून देत नाय."

"शेट नको म्हणूस गं, मी पेन्शनर आहे."

"मंग पेन्शनर शेट. तुमी त्या मिटिंगला व्हता ना? काय बोललात?"

"तार तुम्ही तोडली नाही, असं बोललो."

"आन?"

"नोंदवून घेतलं."

ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "काल रातीला समदी वाडी बसली. एक माणूस द्यायचा ठरलाय."

"म्हणजे खरंच कोणी तोडली होती?"

"कोनी नाय. तोडली असती तर बरं झालं असतं. त्यालाच दिला असता." तिने टोपलीवरचं ओलं फडकं सारखं केलं. "तरणा दिला तर कामाला कोन जाईल? म्हातारा दिला तर आत मरंल, आनखी लफडं. माझा मालक उठला. त्याला दमा हाय, डोंगर चढवत नाय. बोलला, हितं बसूनच हाय, तिथं बसंन."

मी चिडलो. एकदा कबूल केलं की वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा, मी अर्ज लिहितो, वकील बघतो, असं बरंच बोललो.

"अर्जाला किती दिस?"

खोटं बोलवेना. "पावसाळा जाईल."

"शेवळं तोवर थांबत नाय, शेट."

दुसऱ्या दिवशी वाडीची माणसं त्याला घेऊन आली. मीही गेलो. धुतलेला पांढरा सदरा घातलेला, खांदे वर करून श्वास घेणारा किडकिडीत माणूस. साहेबांनी विचारलं, "तार का तोडलीस?"

याचा विचार वाडीने केलाच नव्हता. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं.

"दोरी पायजे व्हती," तो म्हणाला. "बकरी बांधाया."

साहेब खूश झाले. "पाहिलंत काका? अज्ञान!" मग फोटो काढायचा होता. त्याच्याकडे तार नव्हती, तेव्हा एक तुकडा कुठूनतरी मागवून त्याच्या हातात दिला. "वर धर," फोटोवाला म्हणाला, "तोंड झाकू नको." व्यापारी मंडळाने पेढे वाटले. त्यालाही एक मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या जागेवर होती. टोपली भरलेली, भोवती गिऱ्हाइकं. "मावशी, काकडं कमी घातलीत हां," आमच्या इमारतीतल्या एक बाई वाद घालत होत्या. गर्दी ओसरल्यावर मी पुढे झालो.

"कोठडीत नवऱ्याची भेट झाली?"

"नाय." तिने कमरेच्या पिशवीतून दम्याचा पंप काढून दाखवला. "ह्यो घरीच राहिला. तुमी जरा टोपलीवर बसता? मी देऊन येते."

मी फुटपाथवर बसलो. ओळखीचे लोक थबकून बघत होते; दोघांनी भाव विचारला. मला भाव माहीत नव्हता, तरी चार जुड्या गेल्या.

ती परत आली तेव्हा पंप हातातच होता. "साहेब नाय. त्याच्याबिगर आत काय देत नाय. उद्या ये बोलले."

"रात्री त्याला त्रास झाला तर?"

मला उठवून ती जागेवर बसली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पंप टोपलीशेजारी ठेवून जुड्या बांधायला लागली.